जुना फोटो हातात धरून होनोलुलू

"अजून मागे जाऊ का?" छातीभर पाण्यात उभा राहून नवरा ओरडत होता. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डोक्यावर. मी वाळूत बसून जुना फोटो आणि समोरचं मोआना हॉटेल आलटून पालटून बघत होते. फोटोतलं हॉटेल समोरून, थोडं लांबून दिसतं. त्याच जागेवरून आज तसाच फोटो काढायचा तर समुद्रातच उतरावं लागत होतं. तासभर घालवल्यावर उलगडा झाला: फोटो काढणारा हॉटेलच्या लाकडी धक्क्यावर उभा होता आणि तो धक्का १९३० मध्येच पाडलाय.

लेकीकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला गेलो होतो, तिथून पाचेक तासांच्या विमानाने हवाईतल्या ओआहू बेटावर, होनोलुलूत चार दिवस. हवाई राज्याच्या अभिलेखागाराचे आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे जुने फोटो नेटवर फुकट मिळतात. वीसेक निवडून फोनमध्ये घेतले होते. कुणी असंच जाणार असेल तर पहिला सल्ला हा की फोटो घरूनच उतरवून न्या आणि दोन-तीन मोठे छापूनही घ्या. वाइकीकीच्या, म्हणजे होनोलुलूच्या या हॉटेलांच्या किनाऱ्यावरच्या, उन्हात फोनच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही.

जुन्या फोटोतली जागा शोधायची युक्ती एकच: आधी डायमंड हेड हा डोंगर शोधा. इमारती गेल्या, नारळाची झाडं गेली, किनाऱ्यावरची वाळूसुद्धा बाहेरून आणून पुन्हा पुन्हा टाकलेली आहे. पण त्या विझलेल्या ज्वालामुखीच्या कड्याची रेघ १८९० च्या फोटोतही तीच आहे. तिथले लोक दिशासुद्धा तशाच सांगतात. पूर्व-पश्चिम नाही, तर 'माउका' म्हणजे डोंगराकडे, 'माकाइ' म्हणजे समुद्राकडे, आणि किनाऱ्याने जायचं तर 'डायमंड हेडकडे'. बसस्टॉप विचारला तर उत्तर असंच येतं. कोकणात वरच्या अंगाला, खालच्या अंगाला म्हणतात ना, त्यातलाच प्रकार, त्यामुळे मला लगेच जमलं. डोंगराचं मूळ नाव लेआही. इंग्रज खलाशांना तिथले चकाकणारे स्फटिक हिरे वाटले, म्हणून हे दुसरं नाव.

प्रकाशाचं गणित आधीच मांडून ठेवा. किनाऱ्यावरून डोंगर पूर्वेला येतो, त्यामुळे सकाळी तो नुसता काळा ठोकळा दिसतो. खालून फोटो संध्याकाळी काढा आणि डोंगरावर सकाळी चढा. माथ्यावरून वाइकीकी पश्चिमेला दिसतं आणि ऊन आपल्या पाठीशी असतं. चढ एका बाजूने सव्वा किलोमीटरच्या आसपास, पण शेवटी बोगदा आणि उभ्या पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर सावकाश. ही वाट १९०८ मध्ये लष्कराने टेहळणीसाठी केलेली, तेव्हा पर्यटकांच्या सोयीचा प्रश्नच नव्हता. हवाईबाहेरच्यांना वेळ ऑनलाइन आरक्षित करावीच लागते आणि माणशी पाच डॉलर पडतात. पहाटेच्या वेळा आधी संपतात. आम्हाला नऊची मिळाली, घामाने निथळलो.

वर जाऊन जुना फोटो उघडला तेव्हा खरी गंमत कळली. फोटोत खाली सगळी पाणथळ: भाताची खाचरं, अळूचे वाफे, बदकांची तळी. आता त्याच जागी उंच हॉटेलांची दाटी, आणि तिच्यामागे पट्टीने आखल्यासारखा आला वाइ कालवा. १९२० च्या दशकात तो खणून दऱ्यांमधून येणारं पाणी वळवलं, दलदल बुजवली आणि ती जमीन बांधकामाला मोकळी झाली. वाइकीकी या नावाचाच अर्थ उसळतं पाणी. ते आता त्या सरळ रेघेत कोंबलेलं आहे.

मोआना हॉटेल १९०१ चं. सुरुवातीच्या फोटोत आजूबाजूला काही नाही, एकटंच पांढरं लाकडी हॉटेल. आता दोन्हीकडच्या मनोऱ्यांत ते खेळण्यातल्यासारखं दिसतं. पण अंगणात १९०४ मध्ये लावलेला वड आहे, आपलाच, भारतीय वड. जुन्या फोटोत काडीएवढा, आता अख्ख्या अंगणावर सावली. नवरा म्हणाला, "सूत आणलं असतंस तर पुढच्या सात जन्मांचं इथेच उरकलं असतं." हॉटेलात राहत नसलात तरी अंगणात जाता येतं.

एक पूर्ण सकाळ इओलानी राजवाड्यासाठी ठेवा. आम्ही गेलो तेव्हा रविवार-सोमवार बंद होता, वार बघून जा. बुटांवर घालायला कापडी खोळी देतात. हवाई स्वतंत्र राज्य असताना तिथल्या राजा कलाकाऊआने तो १८८२ मध्ये पूर्ण केला. हा राजा १८८१ मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईलाही येऊन गेला होता. त्याच प्रवासात तो एडिसनला भेटला आणि व्हाइट हाउसच्या आधी या राजवाड्यात विजेचे दिवे लागले. त्याची बहीण राणी लिलिउओकलानी हिला १८९३ मध्ये पदच्युत केलं. सामानसुमान लिलावात गेलं, ते अजून एकेक करून परत मिळवताहेत. वरच्या मजल्यावर तिला १८९५ मध्ये कैदेत ठेवलेली खोली आहे. खोलीत जवळजवळ काही नाही, फक्त काचेखाली एक गोधडी. कैदेत तिने सोबतिणींबरोबर शिवायला घेतलेली. रेशमी, मखमली तुकडे वेडेवाकडे जोडलेले आणि त्यांवर नावं, तारखा भरतकामात. मी तिथे इतकी रेंगाळले की मार्गदर्शक बाईंना परत यावं लागलं.

तिथून चायनाटाउन चालत पंधरा-वीस मिनिटांवर. इथे मात्र फोटो जुळवायच्या भानगडीत पडू नका. १८९९ च्या डिसेंबरात प्लेग आला, आपल्याकडे मुंबई-पुण्यात आला त्याच साथीतला. रोगट घरं जाळताना २० जानेवारी १९०० ला वारा फिरला आणि सुमारे ३८ एकर वस्ती खाक झाली. आधीच्या फोटोतलं फारसं उरलेलंच नाही. बाजारात फळं घ्या, जेवा आणि निघा.

नुउआनू पालीच्या कड्यावर मात्र वाकडी वाट करून जा. बस तिथे थांबत नाही, टॅक्सी किंवा भाड्याची गाडी हवी. गाडी लावायला बाहेरच्यांना पैसे पडतात. कड्याला बिलगलेला १८९८ चा रस्ता जुन्या फोटोत दिसतो, तो बोगद्यांतून नवा मार्ग झाल्यावर बंद पडला. कठड्यावरून खाली बघितलं की त्याचा तुकडा झाडीत हरवताना दिसतो. वारा असा की माझा छापील फोटो हातातून सुटून थेट दरीत गेला. टोपी गाडीतच ठेवा.

परतताना विमानतळावर सामानाची शेतकी तपासणी होते. चायनाटाउनमधून घेतलेले आंबे आम्ही तिथेच, रांगेत उभ्याउभ्या, संपवले.