स्टॉलनंतर पुन्हा आकाशात

वैमानिकाचे प्रशिक्षण घेताना झालेल्या अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी विमानात बसावे, म्हणजे भीती मनात घर करत नाही, असा सल्ला मला अनेकांनी आपुलकीने दिला; तो चुकीचा आहे, असे माझे आजही ठाम मत आहे. धुळ्याला आमच्या आजीने मात्र रुग्णालयातच बजावले होते, "आते त्या इमानमा बसू नको, बेटा." या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग शोधण्यात माझे बरेच महिने गेले.

मे महिन्यातील दुपार होती. खान्देशातील एका धावपट्टीवर उतरण्यासाठी बेसवरून (धावपट्टीला काटकोनात असलेल्या टप्प्यावरून) फायनलकडे (धावपट्टीच्या रेषेतील शेवटच्या टप्प्याकडे) वळत असताना आमच्या प्रशिक्षण विमानाचा डावा पंख अचानक खाली गेला. माझ्या इन्स्ट्रक्टर सरांनी तत्काळ विमानाचे नाक खाली घेतले, पंख समतल केले, पण विमान सावरण्याइतकी उंची शिल्लक नव्हती आणि आम्ही नांगरून ठेवलेल्या शेतात आदळलो. सरांचा हात मोडला, माझ्या मणक्याला मार बसला. चौकशी यथावकाश झाली. येथे मला लिहायचे आहे ते त्यानंतरचे.

अंथरुणावर पडल्या पडल्या मी पुस्तके पुन्हा उघडली. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन एका मर्यादेपलीकडे, साधारण १५ ते १६ अंशांपलीकडे, गेला की पंखावरचा हवेचा प्रवाह तुटतो, पंखाची उचल एकदम घटते आणि विमान स्टॉल होते. उंची कायम राखून ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांना ४१ टक्क्यांनी. हे सारे परीक्षेसाठी पाठ केलेले होते. आपल्याकडच्या उन्हाळ्याशी त्याचा असलेला संबंध मात्र तेव्हाच नीट उमगला. पारा ४५ अंशांवर गेला की जळगाव-धुळ्याच्या धावपट्टीवरील हवा चार हजार फुटांहून अधिक उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. वेगदर्शकावर नेहमीचाच आकडा दिसतो, पण विमान प्रत्यक्षात अधिक वेगाने पुढे जात असते, वळणाचा घेर वाढतो, आणि त्यात बेसवर पाठीमागून वारा असेल तर धावपट्टीची रेषा ओलांडली जाते. मग वळण आवळण्याचा मोह होतो, आणि धोका नेमका त्या आवळण्यात आहे.

वैद्यकीय मंजुरी मिळाल्यावर मी नव्या इन्स्ट्रक्टर मॅडमना विनंती केली की सर्किटचा, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्याचा, सराव नंतर करू, आधी स्टॉल करू. भरपूर उंचीवर, खाली तापीचे पात्र आणि उत्तरेला सातपुडा दिसत असताना, आम्ही विमान पुन्हा पुन्हा स्टॉल केले: प्रथम सरळ उड्डाणात, मग वळणात. स्टॉल वॉर्निंगचा भोंगा वाजला की माझा हात नियंत्रण मागे ओढू लागे, कारण जमीन जवळ असल्याची शरीराची समजूत अजून गेली नव्हती. मॅडमनी कधी घाई केली नाही. "आधी नाक खाली, मग बाकीचे," एवढेच त्या शांतपणे म्हणत. हळूहळू त्या भोंग्याचा अर्थ बदलला. पंख अजून ऐकतो आहे, कोन कमी करायला अजून वेळ आहे, असे तो सांगू लागला. धीराच्या कोणत्याही शब्दांनी हे घडले नसते, आणि म्हणूनच त्या मॅडमचे ऋण मी जन्मभर मानेन.

सर्किटला आम्ही पहाटेच्या थंड हवेत सुरुवात केली आणि एक नियम ठरवला: शेवटच्या वळणात ३० अंशांहून अधिक कलायचे नाही, रेषा चुकली तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाऊन नवी फेरी. पुढच्या उन्हाळ्यात एकटीने उडताना ती खरोखरच चुकली. मी वळण आवळले नाही. थ्रॉटल पूर्ण पुढे केला, पंख समतल केले, वेग येऊ दिला आणि दुसऱ्या फेरीत उतरले. डावीकडे वळताना खांदे अजूनही ताठ होतात. त्यावर काम चालू आहे, आणि व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० उड्डाण-तासांतील उरलेले तासही चालू आहेत.