शेवळाची भाजी कागदावर उतरवताना

मराठी पाककृती मिळून लिहिणाऱ्या एका ऑनलाइन गटात मी गेल्या पावसाळ्यात शिरले. भाचीने सांगितलं तेव्हा वाटलं होतं, फॉर्म भरायचा, एक रेसिपी द्यायची की झालं. पण त्यांचा नियम वेगळा निघाला. तुम्ही लिहिलेला पदार्थ गटातल्या दुसऱ्या कोणीतरी नुसता मजकूर वाचून करायचा. मध्ये फोन करून विचारायचं नाही. पदार्थ जमला तर पाककृती संग्रहात जाते आणि तुम्हाला इतरांचं लेखन दुरुस्त करण्याचा अधिकार मिळतो. नाही जमला तर पुन्हा लिहा.

फॉर्मबद्दल सांगण्यासारखं काही नाही. एका रकान्यापाशी मात्र मी थबकले. मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘श्रेय द्या, तशाच अटीवर पुढे द्या’ या परवान्याखाली द्यायचा होता. म्हणजे उद्या कोणीही तो बदलू शकतो, छापू शकतो, विकूही शकतो; फक्त श्रेय द्यायचं आणि आपला बदललेला मजकूरही तसाच मोकळा ठेवायचा. तसं पाहिलं तर नुसत्या साहित्याच्या यादीवर कोणाचा कॉपीराइट नसतोच, तो असतो आपल्या शब्दांवर आणि फोटोवर. तरी घरचा पदार्थ असा सोडून द्यायचा म्हणजे आधी सासूबाईंना विचारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, “अगं, शेवळं काय आपण शोधून काढली? दे की.”

पदार्थ शेवळाची भाजी हाच ठरला होता. शेवळं ही पावसाळ्याच्या तोंडावर येणारी रानभाजी. मी नाशिकची, लग्न होऊन ठाण्यात सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरात आले तोवर शेवळं पाहिलीसुद्धा नव्हती. मे संपता संपता, पहिल्या सरींच्या आसपास, जांभळी नाक्याच्या बाजारात शहराजवळच्या येऊरच्या डोंगराकडच्या बायका जुड्या घेऊन बसतात. कोंबासारखी लांबट, टोकाला निमुळती. शेजारीच काकडं या रानफळांचा छोटा ढीग असतो, हिरवी, गोल, आवळ्याहून लहान, कमालीची आंबट. शेवळं सुरणाच्या कुळातली. त्यात कॅल्शियम ऑक्सलेटचे टोकदार स्फटिक असतात, म्हणून नीट साफ केली नाहीत किंवा आंबट कमी पडलं तर घसा खाजतो. काकडं त्यासाठीच. हे सगळं घरात सगळ्यांना ठाऊक, लिहिलेलं मात्र कुठेच नाही.

लिहायला बसले आणि खरं काम सुरू झालं. गटात ‘अंदाजाने’ चालत नाही. मिठाला ‘चवीनुसार’ची सूट आहे, बाकी सगळं ग्रॅममध्ये किंवा ठरलेल्या चमच्यात: छोटा पाच मिलिलिटरचा, मोठा पंधराचा. वाटीला बंदी, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी. (हे मला पटलं. आमच्याच घरात तीन आकाराच्या ‘वाट्या’ आहेत.) मग मी ओट्यावर वजनकाटा ठेवला. सासूबाई मूठभर सोडे (सुकवलेली कोलंबी) घ्यायला लागल्या की मी त्यांचा हात वरच्यावर थांबवून मूठ काट्यावरच्या ताटलीत रिकामी करून घ्यायचे. पहिल्यांदा त्यांना गंमत वाटली. मग तिखटाच्या डब्याशी पुन्हा तेच झालं तेव्हा म्हणाल्या, “तू स्वयंपाक करतेयस की रेशन वाटतेयस?” पण एक गोष्ट काट्यामुळेच कळली. जुडी बाजारात केवढीही दिसो, वरचे पापुद्रे आणि आतला पिवळट दाणेदार भाग काढल्यावर हाती फार थोडं उरतं. म्हणून साहित्यात ‘दोन जुड्या’ न लिहिता ‘साफ करून चिरलेली शेवळं’ असं वजनात लिहिलं. तो पिवळट भाग नेमका कुठून कुठपर्यंत काढायचा हे शब्दांत बसेना, तेव्हा एक शेवळं उभं चिरून त्याचा फोटो काढला.

तपासायला मजकूर गेला बदलापूरच्या एका गृहस्थांकडे. शेवळं मिळतील असाच माणूस हवा, त्यामुळे लातूर, नागपूरवाले आपोआप बाद. त्यात मोसम जेमतेम काही आठवड्यांचा. तेवढ्यात झालं नाही तर थेट पुढच्या वर्षी. त्यांनी भाजी केली आणि मजकुराच्या कडेला शंकांची रांग लावली. चिरताना हाताला तेल लावायचं हे साहित्यानंतर का, आधी का नाही? काकडं ठेचून घालायची की उकळून रस गाळायचा? ‘शेवळं चांगली परतावीत’ म्हणजे रंग कसा झाला की थांबायचं? शेवटी एक वाक्य होतं: घसा अजिबात खाजला नाही, सोड्यांऐवजी कोलंबी घातली. ते वाचून सासूबाई खूश, पण कोलंबीवर लगेच म्हणाल्या, “तेही करतात. लिही त्यांच्या नावानं.”

खरी खडाजंगी झाली ती पुढे. संपादन करणाऱ्या एका ताईंनी काकडं काढून टाकली आणि तिथे चिंच घातली, कारण काकडं सगळीकडे मिळत नाहीत. कारण बरोबर होतं, पण मला ते खपलं नाही. चिंचेनं काम भागतं, चव निराळी होते. मी कारण लिहून बदल मागे फिरवला, त्यांनी पुन्हा केला. शेवटी तिसऱ्याच सदस्याने तोडगा काढला: मुख्य कृतीत काकडं, खाली ‘पर्याय’ म्हणून चिंच, प्रमाणासकट. आपलं वाक्य दुसऱ्याने खोडलेलं पाहायची सवय लागायला मला वेळ लागला, आणि या गटात यायचं तर ती लावून घ्यावीच लागते.

श्रेयाचा प्रश्न मात्र मला अजून पुरता सुटलेला वाटत नाही. जिच्याकडून मी शेवळं घेते तिला विचारलं होतं, तुमच्याकडे कशी करता? ती सुकट, म्हणजे बारीक सुकी मासळी, घालून करते, नारळ वगैरे काही नाही. तीही पद्धत मी दिली. नाव टाकू का म्हटलं तर ती हसून “नको बाई” म्हणाली. मग ‘येऊरकडच्या एका विक्रेतीने सांगितलेली पद्धत’ एवढंच लिहिलं. परवान्यात श्रेय लिहिणाऱ्याला मिळतं, सांगणाऱ्याला नाही. आमच्या पाककृतीतही माझं नाव वर आहे आणि सासूबाईंचं खाली टिपेत. ते वर घ्यावं म्हणून मी विनंती टाकली आहे.

कोणाला अशा गटात जायचं असेल तर पहिली पाककृती बारमाही निवडा. भरली वांगी द्या, थालीपीठ द्या. तपासनीस कुठेही मिळतो आणि उत्तर आठवड्याभरात येतं. शेवळं, करटोली, भारंगी ही मंडळी नंतर. आणि वजनकाटा ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या, तिखट-हळद मोजताना साधा काटा हलतसुद्धा नाही.