ठाकुरद्वारच्या लॉजवर एक रात्र

अण्णा, म्हणजे माझे वडील, १९६२ साली पावसाळा संपून बोटी पुन्हा सुरू झाल्यावर रत्नागिरीहून निघाले आणि मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरले. सोबत एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि गावच्या मास्तरांनी कुणाला तरी लिहिलेली चिठ्ठी. ज्यांच्या नावाने चिठ्ठी होती ते गृहस्थ बदली होऊन गेलेले. मग कुणीतरी त्यांना ठाकुरद्वारजवळच्या एका लॉजवर पोचवलं. तिथल्या मोठ्या हॉलमध्ये एक कॉट मिळाली. ‘पहिल्या रात्री झोप आली नाही,’ असं ते नेहमी सांगत. ‘मॅजेस्टिक सिनेमाचा शेवटचा खेळ सुटला आणि रस्त्यावरून माणसांची पावलं वाजायला लागली. आमच्या गावात एवढ्या रात्री एवढी माणसं फक्त पालखीबरोबर चालतात.’

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका शनिवारी मी डोंबिवलीहून एक छोटी बॅग घेऊन निघाले. ठाकुरद्वारला एक रात्र मुक्काम करायचा, एवढंच ठरवलं होतं. घरच्यांना कारण सांगितलं, त्यांनी फार काही विचारलं नाही.

सीएसएमटीला उतरून चालतच गेले. क्रॉफर्ड मार्केटपाशी, पोलीस आयुक्तालयासमोर सरदारगृह लागतं. आता तिथे कुणी मुक्कामाला उतरत नाही, पण एकेकाळी ही मराठी माणसाची मुंबईतली मोठी उतरायची जागा होती. लोकमान्य मुंबईत आले की इथेच राहत. १ ऑगस्ट १९२०ला मध्यरात्र उलटल्यावर ते गेले तेही इथेच, स्वतःच्या घरी नाही, लॉजच्या खोलीत. त्याच दिवशी भर पावसात इथून निघालेली अंत्ययात्रा चौपाटीवर पोचली. शाळेत हे आपण एका ओळीत शिकतो. पण त्या इमारतीखाली, हातगाड्यांच्या आणि खरेदीच्या गर्दीत उभं राहिलं की जाणवतं, की एवढ्या मोठ्या माणसाचं मुंबईतलं घर म्हणजे एक लॉज होतं.

मुंबईच्या हॉटेलांचा इतिहास निघाला की ताजचा, १९०३चा, विषय निघतो. काळा घोड्याच्या वॉटसन्सचा निघतो, ज्याचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून आणला आणि जिथे ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं या देशात पहिल्यांदा दाखवली गेली. ते खरंच आहे आणि मला त्याचं कौतुकही आहे. पण ज्यांनी हे शहर चालवलं, त्या कारकुनांनी, कंपोझिटरांनी, शिक्षकांनी मुंबईतली पहिली रात्र कुठे काढली, हे कुणी लिहून ठेवत नाही. ती गृहं, ते आश्रम, त्या खानावळी एकेक करून मिटत चालल्या आहेत. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम मिटलं, तेव्हा माशाच्या जेवणासाठी हळहळणारे पुष्कळ भेटले. मला मात्र वाटत राहिलं, की तिथे रोज एकटे जेवायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचं पुढे काय झालं असेल.

धोबी तलाव, मग चिरा बाजार. मासळीचा वास, सोनारांच्या पेढ्या. आणि ठाकुरद्वार.

लॉजचं नाव मी लिहीत नाही. एक तर तिथल्या लोकांनी तसं सांगितलं, आणि दुसरं म्हणजे अण्णा उतरले ती हीच का, याची मला खात्री नाही. ते फक्त ‘ठाकुरद्वारची लॉज’ म्हणत. जुन्यांपैकी चालू असलेली मला एवढीच सापडली. रस्त्यावरून दार दिसतही नाही. दोन दुकानांच्या मधून अंधारा बोळ, आणि आत सागवानी जिना. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. कठडा इतका गुळगुळीत, की हात आपोआप घसरत वर जातो.

पहिल्या मजल्यावर टेबल, टेबलामागे मॅनेजर. सत्तरीचे असावेत. आधार कार्ड बघून ते थांबले.

“ताई, डोंबिवली म्हणजे लोकलच. लोकल पत्त्यावर आम्ही खोली देत नाही. आणि एकट्याच आहात?”

हा नियम मला माहीत होता. जवळ घर असलेला माणूस लॉजवर कशाला येईल, हा प्रश्न रास्तच आहे, आणि पोलीसही तोच विचारतात. मी त्यांना अण्णांबद्दल सांगितलं. बोट, चिठ्ठी, कॉट, सगळं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग चष्मा काढला, पुसला आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

“लिहा.”

त्या रजिस्टरकडे मी बराच वेळ बघत राहिले. नाव, वय, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण. वरच्या ओळींमध्ये वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: हॉस्पिटल. हॉस्पिटल. कोर्ट काम. मंत्रालय. हॉस्पिटल. लग्न. हॉस्पिटल. माझ्या ओळीत काय लिहावं ते सुचेना. शेवटी मॅनेजर म्हणाले, “खासगी लिहा, चालतं.”

जुनी रजिस्टरं आहेत का, हे विचारायचं मनात होतंच. वाळवीने खाल्ली, म्हणाले. पण हॉल दाखवतो म्हणून स्वतः उठले. दुसऱ्या मजल्यावरचा तो हॉल आता हॉल राहिलेला नाही. प्लायवूडच्या भिंती घालून त्याच्या चार खोल्या केल्या आहेत. वर छताच्या तुळया मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातात, खालच्या भिंतींशी त्यांचा काही संबंध नाही. “इथे सोळा कॉटा होत्या,” ते म्हणाले. “मी इथे लागलो तेव्हाही होत्या. महिन्याच्या बोलीवर राहणारे दहा-बारा, बाकी येणारे-जाणारे. ज्याची कॉट त्याची खुंटी.” खुंट्या अजून आहेत. जाड लाकडी, भिंतीत ठोकलेल्या. प्रत्येकीखाली रंगाने घातलेला आकडा होता, त्यावर चुन्याचे इतके हात बसले आहेत की तो आता बोटालाच कळतो. मी बोट फिरवलं. सात. आठ. नऊ तुटलेली. अण्णांची कितवी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. साठ वर्षं त्यांनी ती पहिली रात्र सांगितली आणि मी दरवेळी ती पावलांपाशीच ऐकून थांबले.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. लोखंडी पलंग, एक टेबल, झडपांची लाकडी खिडकी, पायाखाली नक्षीच्या गार लाद्या. संडास-बाथरूम पॅसेजच्या टोकाला. चादर स्वच्छ होती, तिला उन्हात वाळवल्याचा वास होता. मुंबईत उन्हात वाळलेली चादर मिळणं ही आता लहान गोष्ट राहिलेली नाही.

संध्याकाळी बाहेर पडले. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, मुगभाट. पूर्वी इथे काय पिकत होतं, ते ही नावं अजून सांगतात. केशवजी नाईकांच्या चाळीपर्यंत गेले. १८९३ सालचा मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती तिथला, आणि तिथला उत्सव आजही साधेपणासाठी ओळखला जातो. मग मॅजेस्टिकच्या जागेपाशी. १४ मार्च १९३१ला ‘आलम आरा’ इथे लागला आणि देशात पडदा पहिल्यांदा बोलला. आता तिथे शॉपिंग सेंटर आहे. शटरं ओढत होते. त्यामुळे रात्री कुठलाच शेवटचा खेळ सुटणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी ऐकायचं ठरवलंच.

जेवायला लॉजच्याच पहिल्या मजल्यावर. सहा टेबलं, एक वाढपी. वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, पोळ्या, आमटी-भात, ताक. बिरडं सोललेल्या वालांचं, दाणा न् दाणा अखंड, वर ओलं खोबरं. वाढपी विचारत नाही, ताटाकडे बघतो आणि वाढतो. समोरच्या बाई जेवता जेवता डब्यात दोन पोळ्या भरून घेत होत्या. वाढप्याने न सांगता तिसरी ठेवली. त्या कणकवलीच्या. मालक, म्हणजे त्यांचे यजमान, जवळच्या हॉस्पिटलात. लॉजवरचा आज अकरावा दिवस.

“झोप लागते का इथे?” मी विचारलं.

“हय बरा आसा गो. जेवण बरा गावता. दाराक कडी लावली काय भय नाय,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “झोप खय लागता पण.”

रात्री खिडकी उघडी ठेवून पडले. अकराला दुकानांचे आवाज थांबले. साडेबाराला, मॅजेस्टिक सुटायची जी वेळ अण्णा सांगत, तेव्हा रस्ता रिकामा होता. एक टॅक्सी गेली. खालून, जमिनीच्या पोटातून आता मेट्रो जाते, पण तिचा आवाज वर येत नाही, आणि त्या वेळी ती बंदच असते. मी उठून बसले. रडू आलं, ते इथे लिहिते कारण ते खरं आहे. चोवीस वर्षांचा, आयुष्यात पहिल्यांदा वीज असलेल्या खोलीत झोपणारा एक मुलगा याच रस्त्याकडे कान लावून पडला असेल, आणि त्याला कुणीही ओळखत नव्हतं.

मग पावलं वाजली, पण रस्त्यावर नाही, पॅसेजमध्ये. अनवाणी, हळू. टोकाच्या मोरीत नळ सुटला, कपडे आपटल्याचा दबका आवाज. थोड्या वेळाने पुन्हा पावलं. मग दुसऱ्या खोलीतून कुणी खोकत जिन्यापर्यंत गेलं आणि परत आलं. दोनच्या सुमारास वरच्या मजल्यावर कुणी येरझाऱ्या घालत होतं. सगळी लॉज जागी होती. मी मोजायचं सोडून दिलं आणि कधीतरी झोपले.

पाच वाजता कणकवलीच्या बाई थर्मास घेऊन जिन्यावर भेटल्या. आम्ही दोघी खाली कोपऱ्यावर चहा प्यायलो, थर्मास भरून घेतला. त्यांचा भाऊ गाडीत बसला होता, दुपारी बारापर्यंत पोचणार होता. आज ऑपरेशन. पण त्याला खोली नव्हती. रविवार, लॉज भरलेली. बाईंची खोली म्हणजे एका कॉटची कोठडी.

या लॉजवर हिशेब चोवीस तासांचा. मी चारला आले होते, म्हणजे माझी खोली दुपारी चारपर्यंत माझीच होती. मी वर जाऊन मॅनेजरना विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग फळ्यावर टांगलेल्या किल्ल्यांकडे.

“चारनंतर सात नंबर सुटतोय. तो देतो त्यांना. तोवर तुमच्यात बसू दे. पण रजिस्टरला नाव लागेल.”

साडेबाराला तो माणूस जिना चढून आला. तिशीतला, पाठीवर सॅक, हातात नायलॉनची पिशवी, रात्रभर बसून आलेला चेहरा. मॅनेजरनी रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं. त्याने नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि शेवटच्या रकान्यापाशी पेन धरून वर पाहिलं.

“हॉस्पिटल लिहा,” मी म्हणाले आणि किल्ली त्याच्या हातात दिली. “तिसरा मजला, रस्त्याच्या बाजूला. बाथरूम पॅसेजच्या टोकाला. आणि खाली जेवून घ्या आधी, दोनला बंद होतं.”