‘मागा म्हणजे मिळेल’चा अर्धवट वापर

आज शरणपूर रोडला तरुणांच्या बैठकीत पुन्हा तोच विषय निघाला: मॅनिफेस्टेशनच्या (मनापासून इच्छा धरली की विश्व ती पुरी करतं, या कल्पनेच्या) रील्स आणि त्यात वापरलेलं बायबलमधलं वचन, मत्तय ७:७. ‘विश्वाकडे मागा, मिळेल’ हे येशूनेच सांगितलंय, असा दावा.

उत्तर देताना आपली मुलं लगेच दुसरं वचन फेकतात. तिथेच बोलणं संपतं. आधी विचारा, ‘तुला नक्की काय हवंय?’ बहुतेकदा नोकरीची, घरच्या आजारपणाची धास्ती असते. ती ऐकून घ्या. मग बायबल उघडून ७ ते ११ ओव्या सलग, मोठ्याने वाचा. अकराव्या ओवीत देणारा स्वर्गातला पिता आहे. त्याला आपली हाक ऐकू येते, तो नकारही देऊ शकतो. आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशूची प्रार्थना ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ अशी आहे (मत्तय २६:३९). नुसत्या इच्छाशक्तीवर सगळं मिळत असतं, तर वधस्तंभ टळला असता! मला हा सगळ्यात भक्कम मुद्दा वाटतो.

अशा बोलण्यात ‘येशू भारतात शिकला’ हा दावाही हमखास येतो. ही गोष्ट नोटोविच या रशियन लेखकाने १८९४ साली छापली, लडाखच्या हेमिस मठातल्या हस्तलिखिताच्या नावावर. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस तिथे गेले. मठाच्या प्रमुखांनी असं हस्तलिखित नसल्याचं सांगितलं. एवढं शांतपणे सांगा. ध्यान करणाऱ्यांची टिंगल मात्र अजिबात नको. पेत्राने उत्तर सौम्यतेने द्यायला सांगितलंय (१ पेत्र ३:१५).

पुढच्या बैठकीला १ करिंथ १५ वाचून या.