जळगावची जमीन, कर आणि अर्धा एकर वीटभट्टी

वडिलांकडून आलेली जळगावलगतची दोन एकर शेतजमीन २०२२ च्या अखेरीस मी विकायला काढली, तेव्हा शेतजमिनीच्या विक्रीवर आयकर लागतच नाही, असा आमच्या घरातला ठाम समज होता. सीएंनी तो पहिल्याच भेटीत मोडला. शहराची लोकसंख्या एक लाखाच्या वर आणि दहा लाखांपर्यंत असेल, तर पालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आतली जमीन भांडवली मालमत्ता ठरते, म्हणजे तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर लागतो, आणि आमची तर चार किलोमीटरवरच होती.

खरेदीखतात रेडी रेकनरचाच, म्हणजे सरकारी दराचाच, भाव दाखवून उरलेले पैसे रोखीत घ्यावेत, असा दलालाचा आग्रह होता. सीए म्हणाले, "भाऊ, ही सरळ करचुकवेगिरी झाली. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर तेवढाच दंड भरावा लागतो." मग मी माझी युक्ती सांगितली, जी मला फार हुशारीची वाटत होती: रक्कम पत्नीला बक्षीस देऊन तिच्या नावे ठेवी कराव्यात. बक्षीस देण्यास मनाई नाही, परंतु आयकर कायद्याच्या कलम ६४ मुळे त्या ठेवींचे व्याज माझ्याच उत्पन्नात धरले जाणार होते.

कायद्याने मोकळी ठेवलेली वाट कलम ५४ब ची होती. विक्रीआधीची दोन वर्षे जमीन आम्ही किंवा आईवडिलांनी कसलेली असेल आणि विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर तिच्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही. अडचण निघाली ती वेगळीच. अर्धा एकर तीन वर्षे वीटभट्टीला भाड्याने दिलेला होता, पण सातबाऱ्यावर पूर्ण क्षेत्रात कापूस लिहिलेला होता. कागद माझ्या बाजूने असताना गप्प बसावे, असे मला मनापासून वाटले, हे कबूल करतो. सीएंनी ऐकले नाही. जेवढे कसले तेवढ्याचीच सवलत मागायची, यावर ते अडून बसले.

जानेवारी २०२३ मध्ये खरेदीखत झाले. अर्ध्या एकराच्या नफ्यासाठी सहा महिन्यांत आरईसी या सरकारी कंपनीचे करबचतीचे रोखे घेता आले असते, परंतु मुलीच्या शिक्षणामुळे पाच वर्षे पैसा अडकवणे जमण्यासारखे नव्हते, म्हणून तेवढ्यावर कर भरला. बाकीचा नफा विवरणपत्राच्या मुदतीआधी बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवला आणि २०२४ मध्ये त्यातून रावेर तालुक्यात केळीची जमीन घेतली. ती तीन वर्षांच्या आत विकली, तर सवलत हातची जाईल. फाईलमध्ये कापसाच्या पावत्यांसोबत वीटभट्टीचा भाडेकरारही सीएंनी आठवणीने लावून घेतला.