लेकाच्या वरातीत घोडी का नव्हती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 'टांगेवाल्याचं घर तुमचं, आणि पोराची वरात मोटारीतून काढलीत?' हे मांडवात ऐकलं, मग गणपत गल्लीत भाजी घेताना ऐकलं.

आजोबांचा टांगा बेळगाव स्टेशनसमोर लागायचा. घोडी शहापुरात, आमच्या परड्यात. पहाटे खरारा, मग तोबऱ्यात भिजवलेले हरभरे. दीडेक महिन्यानं नाल बदलायची, पण तारीख कुठं लिहिलेली नसे. टापांचा आवाज बदलला की आजोबा म्हणायचे, "नाल बोलायला लागली." दुसऱ्या दिवशी नालबंद दारात.

म्हणून जुनं सगळं चांगलं होतं असं समजू नका. साजाखाली तिची कातडी सोलटायची, हळद-तेल लावून पुन्हा जुंपायचे. दिवसाला 9 तासांवर जुंपू नये, पारा 37 अंशांवर गेला तर दुपारी 12 ते 3 सोडून ठेवावं, काटेरी लगाम वापरू नये, हे नियम 1965 पासून आहेत. मला ते कळले तेव्हा टांगा मोडीत जाऊन वीस वर्षं झाली होती.

आता शहरात घोडं उरलंय ते वरातीपुरतं. ओझं म्हणाल तर कमी, एक नवरदेव, तासभर. पण उरलेला वेळ? पत्र्याची शेड, खाली काँक्रीट, आगाडी-पिछाडी बांधलेली. मुहूर्त संपले की सोडून देतात गल्लीत, कचराकुंडीवर. घोड्याचं जठर लहान, दिवसभर थोडं थोडं चरायला केलेलं. त्यात त्याला ओकता येत नाही. कुजकं, प्लास्टिक, काहीही आत गेलं की पोटशूळ, आणि पोटशूळात घोडं जातंसुद्धा.

पुतण्याच्या वरातीत घोडी डीजेच्या भिंतीपासून चार हातांवर उभी होती. कान मागे चिकटलेले, अंगावरची कातडी थरथरत होती, मागचा डावा पाय सारखा उचलत होती. मी खूर हातात घेतलं. नाल कागदासारखी झिजलेली, आणि बेचक्यात काळी, कुजकट घाण. धरणारा पोरगा म्हणाला, "सीझन हाय की ओ काका, नालवाला मिळंना झालाय." पोरगा वाईट नव्हता. आपल्या पानातले दोन लाडू त्यानं तिला मायेनं भरवले. घोड्याला लाडू! आजोबांनी त्याला तिथंच झोडला असता.

आमच्या भागात घोड्याची भक्ती कमी नाही हो. माउलींच्या पालखीचे अश्व चिकोडी भागातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांच्या वाड्यातून आळंदीला चालत जातात. रिंगणात त्यांच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. गोकाकजवळच्या कोन्नूरला 2021 च्या मे महिन्यात, ऐन कोरोनात, मठाचा घोडा गेला तर शेकडो माणसं अंत्ययात्रेला लोटली आणि गाव सील करावं लागलं. मेल्यावर एवढी गर्दी. जिवंतपणी खूर उचलून बघायला कोण येतं?

लेकाला हे सगळं सांगावं लागलं नाही. त्या वरातीत माझ्या हातातलं खूर त्यानंच मोबाइलच्या उजेडात बघितलं होतं.

आणि मोटारीचं विचाराल तर ती आमच्याच दारात बंद पडली. पाच-सहा जणांनी ढकलली. थोरला भाऊ धापा टाकत म्हणाला, "घोडी बरी होती की गा!"