तुम्ही विचारलंत म्हणून: जेआरपीजी (जपानी रोल-प्लेइंग, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) आवडत नाहीत, तरी क्रोनो ट्रिगर खेळू का?

जून-जुलैत मालवणात यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, खलाशी पोरं घरी आणि हातात मोबाईल. वारा सुटला की रेंज जाते, बीजीएमआय हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम मध्येच अडकतो आणि मग ऑफलाइन काय खेळू, म्हणून मला विचारणा होते. मी क्रोनो ट्रिगरचं नाव घेतलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, "तो जपानी रोल-प्लेइंग ना रे दादा? ते ओळीन उभे रवान एकेक फटको कित्याक मारतत?"

प्रश्न रास्त आहे. त्यावर मी आधी एवढंच विचारतो, की तुला त्यातलं नेमकं काय नको वाटतं? जेआरपीजी आवडत नाहीत म्हणणाऱ्या चौघांची कारणं चार असतात. त्यातली बरीचशी या गेमने 1995 सालीच निकालात काढली आहेत. तेही कुणी? फायनल फँटसी या गाजलेल्या जेआरपीजी मालिकेचे हिरोनोबु साकागुची आणि तशाच ड्रॅगन क्वेस्टचे युजी होरी यांनी, सोबत चित्रांना ड्रॅगन बॉल कॉमिकवाले अकिरा तोरियामा. म्हणजे या प्रकाराचे नियम ज्यांनी घालून दिले, त्यांनीच ते सैल केले.

सगळ्यात जास्त वैताग असतो तो रँडम लढायांचा. चार पावलं चाललं की स्क्रीन गरगरते आणि कुठून तरी शत्रू उगवतात. इथे बहुतेक शत्रू आधीच समोर दिसतात, काहींना वळसा घालून निसटता येतं, आणि लढाई जिथे गाठ पडली तिथेच होते. शिवाय शत्रू जागा बदलत राहतात. लुका या साथीदाराची आग सरळ रेषेत जाते, त्यामुळे दोन शत्रू एका रेषेत येईपर्यंत दम धरला तर एका फटक्यात दोघे भाजतात. दोन साथीदारांची पाळी एकदम आली की जोडीने वार करता येतो. ओळीने उभं राहून एकेक फटका मारणं हे नव्हे.

दुसरी तक्रार लांबीची. पर्सोना 5 या दुसऱ्या जेआरपीजीला शंभरेक तास सहज लागतात. क्रोनो ट्रिगर पहिल्या खेपेला वीस-पंचवीस तासांत संपतो. "दहा तास सोस, मग मजा येते" हे मला कुणालाच सांगावंसं वाटत नाही. दहा तास रटाळ वाटणारा गेम सोडून देण्यात काही चूक नाही.

क्रोनो ट्रिगर पहिल्या जत्रेतच पकड घेतो. तिथे एका मुलीशी धक्का लागतो आणि तिचं पदक खाली पडतं. तुम्ही आधी तिची विचारपूस करता की पदकाकडे धावता? टेबलावर एका म्हाताऱ्या बाबांचा डबा असतो, तो खाता की तसाच ठेवता? एका लहान मुलीचं मांजर हरवलंय, शोधून देता का? जत्रेत या गोष्टींकडे कुणी लक्ष देत नाही. पण धक्का लागलेली ती मुलगी राजकन्या निघते, काही वेळाने तुमच्यावर तिला पळवल्याचा खटला उभा राहतो, आणि तेच म्हातारे बाबा, तीच मांजरवाली लहान मुलगी साक्षीला येतात. डबा खाल्लेला असतो, तो भर दरबारात बाहेर येतो. आजच्या किती मोठ्या गेमांना हे इतक्या साधेपणाने जमतं, सांगा!

गोष्ट काळाच्या प्रवासाची आहे, त्यामुळे पुढे इसवी सन 2300 मधलं उद्ध्वस्त जग येतं. तिथल्या यंत्रात झोपलं की शक्ती पूर्ण भरते, आणि खाली ओळ येते, की भूक मात्र तशीच आहे. अन्नाचं कोठार उघडावं तर सगळं नासलेलं, आणि तिथे मरून पडलेल्या माणसाजवळ एक बी सापडतं. त्या बियाण्यासाठी धडपडणारी माणसं पाहून मी गलबलून गेलो होतो. आकड्यांचा खेळ म्हणून ज्यांना हा प्रकार नकोसा वाटतो, त्यांनी एवढं तरी पाहावं.

आता नाही कुणाला सांगतो तेही ऐका. मेनूतून हल्ला निवडणंच ज्याला नको, त्याने हा घेऊ नये. वार निवडणं इथेही आहेच, तो गाभाच आहे. त्याने 2017 चा निअर ऑटोमाटा पाहावा, त्यात हात चालवावा लागतो, फक्त तो मोबाईलवर नाही. दुसरं म्हणजे वाचन. संवादांना आवाज नाही, सगळं पडद्यावर इंग्रजीत वाचायचं. मराठी सोडा, हिंदीही नाही. इंग्रजी भराभर वाचता येत नसेल तर खटल्याची सगळी गंमत निसटते, आणि हा पैसे मोजून घ्यायचा गेम आहे. अशा पोराला मी घे म्हणत नाही. माझ्याकडे ये, म्हणतो. जत्रेपासून खटल्यापर्यंतचा भाग एका संध्याकाळी होतो. तू खेळ, मी शेजारी बसून वाचून दाखवतो. मग घ्यायचा की नाही ते तुझं तू ठरव.